डोळे मिटून ऐकलेला डॉक्टर

पॉल मॅक्गान या नटाच्या वाट्याला 'डॉक्टर हू'चा नायक म्हणून पडदा आला तो जेमतेम दीड तास. मे १९९६ मध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेला एक चित्रपट दाखवला गेला. ब्रिटनमध्ये तो बऱ्यापैकी पाहिला गेला, अमेरिकेत मात्र हवे तेवढे प्रेक्षक मिळाले नाहीत आणि त्यातून मालिका काढायचा बेत बारगळला. आठवा डॉक्टर सुरू झाला आणि तिथेच थांबला. त्या चित्रपटात जगावर संकट आलेलं असताना हा माणूस पायातले बूट बरोबर मापाचे निघाले म्हणून हरखून जातो. ते बघताना मला फार हळहळ वाटली होती. एवढ्या जिवंत माणसाला पुढे काहीच नाही? पुढे बरंच काही झालेलं होतं आणि ते सगळं कानांसाठी होतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'डॉक्टर हू' बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. पहिल्या कथेचं दिग्दर्शन वारिस हुसेन या लखनौमध्ये जन्मलेल्या तरुणाचं, हे वाचल्यावर मला उगाचच आपलेपणा वाटला होता. डॉक्टर हा परग्रहावरचा, दोन हृदयं असलेला, काळातून प्रवास करणारा माणूस. त्याचं यान बाहेरून लंडनच्या पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं दिसतं आणि आत मात्र अफाट मोठं असतं. पहिले नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत खालावली तेव्हा, १९६६ मध्ये, डॉक्टर मरणाच्या दारातून नव्या शरीरात येतो अशी युक्ती लेखकांनी काढली. तिच्या जोरावर एकामागून एक सात नटांनी १९८९ पर्यंत मालिका ओढली. मग बीबीसीने ती थांबवली. २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली ती थेट नवव्या डॉक्टरपासून. मधल्या सोळा वर्षांत पडद्यावर होता तो फक्त मॅक्गानचा दीड तास.

मला या मालिकेची गोडी लावली माझ्या भाच्याने. तो कार्डिफला शिकायला होता आणि नव्या मालिकेचं चित्रीकरण तिथेच चालायचं. सुट्टीत नाशिकला आला की डीव्हीडी घेऊन यायचा. मला नव्यापेक्षा जुनी मालिका जास्त भावली. भिंती हलायच्या, राक्षसांचे मुखवटे कळून यायचे, पण बोलणं चोख असायचं. शिवाय आवाज! ते निळं खोकं सुटताना जो घरघरता, धापा टाकल्यासारखा आवाज येतो तो ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवर घराची किल्ली घासून केला. शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर यांची, पण ती प्रत्यक्षात आणली डेलिया डर्बीशर यांनी. सिंथेसायझर बाजारात यायच्या आधी एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित करायचा, फीत कापायची, जोडायची, असं त्यांनी ते उभं केलं. ही मालिका पहिल्या दिवसापासून कानाशी बोलत होती असं मला तेव्हाच वाटलं होतं.

ऐकायचा पहिला धडा मिळाला तो हरवलेल्या भागांमुळे. साठच्या दशकातल्या फिती बीबीसीने पुसून पुन्हा वापरल्या, त्यात पहिल्या दोन डॉक्टरांचे जवळजवळ शंभर भाग गेले. पण काही घरांतल्या रसिकांनी प्रसारणाच्या वेळी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून आवाज उतरवून घेतला होता, म्हणून गेलेल्या प्रत्येक भागाचा आवाज तरी आज शिल्लक आहे. पॅट्रिक ट्राउटन यांची पहिली कथा, 'द पॉवर ऑफ द डालेक्स' (डालेक म्हणजे धातूच्या कवचातले, डॉक्टरचे जुने वैरी), सगळीच्या सगळी अशी गेली. मी ती आवाजावर ऐकली. जिथे पात्रं बोलतात तिथे मजा यायची आणि मग मध्येच नुसतं संगीत, पावलं, कुठलंसं यंत्र, आणि निवेदकाने येऊन सांगायचं की आता अमुक दार उघडलं. डोळ्यांसाठी लिहिलेली गोष्ट कानांनी ऐकली की कुठे कुठे उघडी पडते हे तेव्हा लक्षात आलं. त्यामुळे भाचा म्हणाला, "मावशी, आठव्या डॉक्टरच्या श्रुतिका आहेत, ऐक तू," तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही.

मग माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली, सर्जननी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला. तो बुडबुडा वर तरंगून पडद्याला जागेवर दाबून धरतो, म्हणून दिवसरात्र मान खाली घालून राहायचं. वाचन बंद, टीव्ही बंद, फोनकडे बघणं बंद. मी आयुष्यभर बँकेत आकडे वाचत आलेली बाई, मोकळ्या वेळात पुस्तकं वाचणारी. पालथं पडून उशीच्या खोबणीत तोंड ठेवून दिवस कसा काढायचा हेच कळेना. भाच्याने तिकडून फोन केला, माझ्या मुलीकडून ॲप टाकून घेतलं, स्वतःच्या पैशांनी काही नाटकं विकत घेऊन पाठवली आणि म्हणाला, "मावशी, या गोष्टी डोळे मिटूनच ऐकायच्या असतात. तुझ्याइतकी तयारी कुणाचीच नसेल."

या नाटकांमागची हकीकत त्याने मला त्याच फोनवर सांगितली. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या काही चाहत्यांनी आपापसांत पैसे जमवून 'डॉक्टर हू'ची नाटकं कॅसेटवर काढली होती, हौसेखातर. निकोलस ब्रिग्ज त्यांत स्वतः डॉक्टर व्हायचा. गॅरी रसेलही त्याच मंडळींतला. मालिका बंद पडली, आणि पुढे याच पोरांनी, मोठे झाल्यावर, बिग फिनिश या कंपनीतून बीबीसीचा रीतसर परवाना मिळवला. जुलै १९९९ मध्ये पहिलं नाटक आलं, 'द सायरन्स ऑफ टाइम'. लेखन-दिग्दर्शन ब्रिग्जचं, आणि पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर, सिल्व्हेस्टर मॅकॉय असे तीन खरे डॉक्टर त्यात. कुणी नक्कल करणारा नाही, तीच माणसं, तेच आवाज. २००१ च्या जानेवारीत मॅक्गान आला.

त्याचं पहिलं नाटक 'स्टॉर्म वॉर्निंग'. मी तिथूनच सुरुवात केली. आर १०१ हे ब्रिटिशांचं महाकाय हवाई जहाज, लांबी सुमारे २३७ मीटर, पोटात हायड्रोजन. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ते इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून निघालं आणि रात्री दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटलं. ५४ पैकी ४८ माणसं गेली. हे सगळं खरं घडलेलं. ते निघालं होतं कराचीला. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती आणि या जहाजासाठी तिथे एक प्रचंड शेड बांधून तयार होती. आपल्याच इलाख्यातलं ते गाव त्याची वाट बघत राहिलं, हे ऐकून मी उशीत तोंड खुपसलेल्या अवस्थेतच मुलीला हाक मारली आणि तिला ती सगळी हकीकत शोधून मोठ्याने वाचायला लावली.

नाटकात या जहाजावर एक अठरा वर्षांची मुलगी, चार्ली पोलार्ड, पोरग्या नोकराच्या वेषात चोरून चढलेली असते. तिला सिंगापूरला जायचंय, जग बघायचंय. डॉक्टर तिला त्या जहाजातून वाचवतो. आणि मग त्याला कळतं की इतिहासाच्या हिशेबात ही मुलगी त्या रात्री मेलेली असायला हवी होती. एका माणसाचा जीव वाचवला म्हणून काळाच्या वस्त्राचा धागा उसवायला लागतो. तो धागा पुढची दोन-तीन वर्षांची नाटकं हळूहळू उसवत जातो.

खरं सांगायचं तर पहिल्या भागाची सुरुवात मला जड गेली. डॉक्टर यानात एकटाच, आणि आपल्याला कळावं म्हणून मोठमोठ्याने स्वतःशी बोलतोय. लेखक ॲलन बार्न्स यांना तो मार्ग नाइलाजाने घ्यावा लागला असणार, पण अवघडलेपण लपत नाही. चार्ली आली आणि सगळं बदललं. दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागली की ऐकणाऱ्याला काही सांगावं लागत नाही. इंडिया फिशर या नटीचा आवाज थोडा घोगरा, घाईतला, हसू दाबून बोलल्यासारखा. पहिल्या भागाच्या शेवटी मला तिचा चेहरा दिसत होता. तो चेहरा मी आजतागायत बदललेला नाही. नटीचं छायाचित्र नंतर पाहिलं तरीही नाही.

ऐकायची एक सवय लागावी लागते. माझी मुलं ज्या काळात वाढली त्यांना ती नसते, मला होती, फक्त गंजली होती. आमच्या लहानपणी आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. मीनावहिनी कशा दिसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांच्या घरातली खुर्ची कुठे आणि दार कुठे हे मला पाठ होतं. नभोनाट्य लागलं की आई निवडायचे तांदूळ घेऊन रेडिओजवळ बसायची आणि कुणी मध्ये बोललं तर नुसता हात वर करायची. ते सगळं अंगात होतं, पण इंग्रजी उच्चार कानाला नवे होते. चारपैकी एक भाग ऐकायचा, थांबायचं, तो मनात पुन्हा फिरवायचा, मग पुढचा. बिग फिनिशची त्या काळातली नाटकं जुन्या मालिकेच्याच घडणीची असायची: चार भाग, प्रत्येक साधारण पंचवीस-तीस मिनिटांचा, शेवटी जीव टांगणीला, मग शीर्षकसंगीत. हा थांबा मला फार उपयोगी पडला. औषध घालायची वेळ आणि भाग संपायची वेळ मी जुळवून घेतली.

हळूहळू कान तयार झाले. खोली किती मोठी आहे हे आवाज कसा घुमतो त्यावरून कळायला लागलं. कुणी बोलताना मान वळवली तर तेही कळायचं. नाटकांच्या जोडीला येणाऱ्या मुलाखतींतून समजलं की नट एकेका बंद कोठडीत हेडफोन लावून उभे राहतात, काचेतून एकमेकांना बघत बोलतात. पावलं, दारं, पाऊस, यंत्रं, संगीत हे सगळं नंतर, ध्वनिसंयोजक बसून भरतो. म्हणजे मला जी भुयारं आणि जहाजं दिसत होती तिथे नटांनी पाऊलही टाकलेलं नव्हतं. हे कळल्यावर माझा त्या नटांबद्दलचा आदर दुप्पट झाला. धावून दम लागलेला माणूस एका जागी उभं राहून उभा करायचा, हे सोपं काम नाही.

'द चाइम्स ऑफ मिडनाइट' हे रॉबर्ट शिअरमन यांचं नाटक मी सलग दोनदा ऐकलं. १९०६ सालचा नाताळ, श्रीमंताच्या घराचं खालचं नोकरांचं दालन. स्वयंपाकीण, बटलर, मोलकरीण, ड्रायव्हर. घड्याळाचे ठोके पडतात आणि एकेक नोकर मरतो, मग घड्याळ मागे जातं आणि सगळं पुन्हा. या गोष्टीला राक्षसाची गरजच नाही. एडिथ नावाची भांडी घासणारी मुलगी आहे, तिला सगळे येताजाता ऐकवतात की तू कुणीच नाहीस, आणि तीही तेच घोकत असते. तिचं आणि चार्लीचं नातं काय, ते मी इथे सांगत नाही. ज्या मुलीकडे घरातल्या कुणी मान वर करून पाहिलं नाही तिच्यासाठी काळच अडकून पडतो, या कल्पनेने मी हलून गेले. आपल्याकडच्या किती वाड्यांच्या मागच्या पडवीत अशा मुली आयुष्यभर राहिल्या असतील.

मध्ये भाच्याने आठव्या डॉक्टरच्या वाटेवरून थोडं बाजूला नेलं. "'स्पेअर पार्ट्‌स' ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही," म्हणाला. मार्क प्लॅट यांचं हे नाटक पाचव्या डॉक्टरचं, २००२ मधलं. मोन्डास नावाचा पृथ्वीचा जुळा ग्रह सूर्यापासून दूर भरकटलाय, माणसं जमिनीखाली एका शहरात राहतात, औषध नाही, अन्न नाही, आणि टिकून राहायचं तर शरीराचे भाग यंत्राने बदलायचे. सायबरमेन हे मालिकेतले यंत्रमानव कसे जन्मले त्याची ही गोष्ट. हार्टली नावाचं साधं कष्टकरी कुटुंब आहे. बाप, मुलगा, मुलगी इव्हॉन. इव्हॉनला कामासाठी नेतात. आणि मग एक दिवस दारात कुणीतरी येतं. जड पावलं. त्या जुन्या सायबरमेनचा तो विचित्र, शब्दाशब्दावर चुकीच्या ठिकाणी हेल काढणारा आवाज. घरातले घाबरतात. तो आवाज काहीतरी आठवायचा प्रयत्न करतो, अडखळतो, आणि बापाला कळतं की ही आपली मुलगी आहे.

हा प्रसंग पडद्यावर असता तर मला धातूचा मुखवटा दिसला असता आणि माझ्या मनाने आपोआप थोडं अंतर राखलं असतं. इथे अंतर राखायला काहीच नव्हतं. मी पालथी पडलेली, कानात तो आवाज, आणि बाप तिच्याशी ती अजून लहान असल्यासारखं बोलतोय. डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं मला बजावलेलं होतं, पण ते काही माझ्या हातात राहिलं नाही. पुढे २००६ मध्ये टीव्हीवर सायबरमेन परत आणले तेव्हा या नाटकाचं ऋण मालिकेने मानलं. शिअरमन यांच्याच 'ज्युबिली' या श्रुतिकेतून २००५ मधला 'डालेक' हा भाग निघाला. म्हणजे ज्यांना मालिका बंद पडल्यावर कुणी विचारत नव्हतं त्या लोकांनी अंधारात जपलेला विस्तव पुढे पडद्याने घेतला. डालेकांचा टीव्हीवरचा आवाजही २००५ पासून निकोलस ब्रिग्जचाच आहे.

'ज्युबिली'मुळे कॉलिन बेकर नव्याने भेटले. टीव्हीवरचा सहावा डॉक्टर मला कधी आवडला नव्हता. अंगात डोळे दुखवणारा रंगीबेरंगी कोट, तोंडात उद्दामपणा. १९८६ मध्ये त्यांना काढून टाकलं आणि निरोपाचा प्रसंगही त्यांच्या वाट्याला नीट आला नाही. श्रुतिकेत तो कोट दिसत नाही. उरतो तो आवाज: भरदार, शब्दांवर प्रेम करणारा, आणि तापटपणाच्या खाली माया असलेला. त्यांच्या जोडीला बिग फिनिशने दिली डॉक्टर एव्हलिन स्माइथ, इतिहासाची पंचावन्न वर्षांची प्राध्यापिका. मॅगी स्टेबल्स यांनी ती केली. एव्हलिनला चॉकलेट केक आवडतो, तिचं हृदय अधू आहे, आणि डॉक्टर फार बोलायला लागला की ती त्याला वर्गातल्या पोरासारखं गप्प करते. टीव्हीवर डॉक्टरच्या सोबतीला नेहमी तरुण मुली. माझ्या वयाची, चष्म्याची, गुडघ्यांची तक्रार समजू शकेल अशी बाई काळाच्या प्रवासाला निघते हे मी पहिल्यांदा ऐकलं. स्टेबल्स २०१४ मध्ये गेल्या. त्यांची नाटकं मी पुरवून पुरवून ऐकते आहे.

आठव्या डॉक्टरकडे परतले ती 'नेव्हरलँड' आणि 'झाग्रेअस'वर. 'नेव्हरलँड' उत्तम. 'झाग्रेअस' हे मालिकेच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं लांबलचक नाटक, त्यात सगळे जुने नट पण भलत्याच भूमिकांत. मला ते पेललं नाही, एवढंच म्हणते. त्याच्या शेवटी चार्लीला आणि विश्वाला वाचवण्यासाठी डॉक्टर स्वतःला कायमचं हद्दपार करून घेतो, जिथे काळच नाही अशा दुसऱ्या विश्वात, आणि चार्ली चोरून त्याच्या यानात चढते.

त्यानंतरचं नाटक 'स्केर्त्झो', डिसेंबर २००३ चं, पुन्हा शिअरमन यांचं. यात फक्त दोनच नट आहेत: मॅक्गान आणि फिशर. यान विरघळून जातं आणि दोघं एका पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपवणाऱ्या उजेडात उभी राहतात. इतका उजेड की काहीच दिसत नाही. काचेच्या नळीसारखी जागा, आदि ना अंत. हात धरून चालत राहायचं. एकेक संवेदना मंद होत जाते, आणि त्या जागेत आवाजाचाच बनलेला एक जीव असतो, तो त्यांचंच बोलणं उचलून शिकत जातो.

माझा एक डोळा झाकलेला, दुसरा मिटलेला. बुडबुड्यामुळे झाकलेल्या डोळ्यातही अंधार नव्हता, एक पांढुरका, हलणारा उजेड होता, दिवसा आणि रात्रीही. त्याबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते, कारण शब्द सापडत नव्हते. आणि इथे चार्ली विचारत होती, तू आहेस ना, बोलत राहा, तुझा आवाज आला नाही की मला वाटतं मीही नाही. (हे माझे शब्द, आशय तिचा.) या नाटकात डॉक्टर तिच्यावर चिडलेला असतो. तुझ्यासाठी सगळं सोडलं आणि तू मागे येऊन ते वाया घालवलंस, असा त्याचा राग. भांडणाला पळवाट नाही, खोली सोडून जाता येत नाही, चेहरा फिरवता येत नाही. दोन माणसांमध्ये जे काही आहे ते फक्त आवाजातून पार पडायचं. पडद्यावर हे नाटक होऊच शकत नाही. पांढरा पडदा तासभर बघणार कोण? श्रुतिका म्हणजे चित्राविना भागवलेली मालिका, अशी माझी जी समजूत होती ती इथे पार गळून पडली. त्या रात्री मुलगी पाणी द्यायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, "बस जरा, काहीतरी बोल." ती बराच वेळ ऑफिसातलं काहीबाही सांगत बसली.

बुडबुडा विरत गेला, मान वर आली, पण पडद्याकडे बघायची परवानगी बेतानेच मिळाली. तोवर मी आठव्या डॉक्टरच्या पुढच्या सोबतिणीपाशी, ल्युसी मिलरपाशी, पोहोचले होते. ३१ डिसेंबर २००६ पासून ही नाटकं बीबीसीच्या रेडिओवर लागली, म्हणून ती आटोपशीर, वेगाची. ल्युसी उत्तर इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची, शेरिडन स्मिथ या नटीने केलेली. तिचा उत्तरेकडचा उच्चार मला सुरुवातीला निम्माच कळायचा. पण ती कुणाचं ऐकून घेत नाही आणि डॉक्टरलाही दबत नाही. चार्लीपेक्षा ल्युसी मला जवळची वाटायला लागली हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो दुखावला.

ल्युसीची कथा २०११ मधल्या 'टू द डेथ'मध्ये संपते. यात सुसान आहे, डॉक्टरची नात. कॅरोल ॲन फोर्ड यांनीच ती केलीय, ज्या १९६३ च्या पहिल्या भागात होत्या आणि १९६४ च्या शेवटी पृथ्वीवर मागे राहिल्या. तिचा मुलगा ॲलेक्स केलाय जेक मॅक्गान याने, पॉल मॅक्गानच्या खऱ्या मुलाने. हे आधी माहीत असल्यामुळे शेवट ऐकणं आणखी कठीण गेलं. पृथ्वी डालेकांच्या ताब्यात, आणि तिला सोडवण्यासाठी ल्युसी स्वतःचा जीव देते. डॉक्टर सगळ्यांत शेवटी जे बोलतो त्यात मॅक्गानचा आवाज असा काही तुटतो की त्याला अभिनय म्हणणं मला जड जातं. १९९६ मध्ये बूट मापाचे निघाले म्हणून हरखणारा माणूस दहा वर्षांच्या नाटकांनी इथवर आणला. एवढा प्रवास पडद्यावरच्या फार थोड्या डॉक्टरांना मिळाला.

डोळे पूर्ववत झाल्यावर भाच्याने मला एकच गोष्ट बघायला लावली. नोव्हेंबर २०१३, मालिकेचा पन्नासावा वाढदिवस. त्याआधी बीबीसीने सुमारे सात मिनिटांची एक फिल्म काढली, 'द नाइट ऑफ द डॉक्टर'. सतरा वर्षांनी मॅक्गान पडद्यावर. सात मिनिटांत त्याचा अवतार संपतो. पण संपण्याआधी तो हातात पेला घेऊन आपल्या सोबत्यांना वंदन करतो, नावं घेऊन: चार्ली, क्रिझ, ल्युसी, टॅमसिन, मॉली. पाचही जण फक्त श्रुतिकांतले. ज्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं त्यांची नावं बीबीसीच्या पडद्यावर उच्चारली गेली. मी भाच्याला व्हिडिओ कॉलवर नुसतं "अरे!" एवढंच म्हणू शकले. तोही काही बोलला नाही, तो माझ्याकडे बघत होता.

सगळंच गोड आहे असं नाही. आता बिग फिनिश इतकं काढतं की पुरे पडत नाही. चार-चार कथांचे संच, आणि प्रत्येकात जुना कुठला तरी शत्रू परत. काही लेखक मोठ्या स्फोटांवर भिस्त ठेवतात, आणि कानात स्फोट म्हणजे नुसता गोंगाट. गेलेल्या नटांच्या जागी दुसऱ्यांचे आवाज घेतले जातात, त्याबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. एलिझाबेथ स्लेडन गेल्यावर डॉक्टरची जुनी सोबतीण सारा जेन आता त्यांची मुलगी सेडी मिलर करते, पॅट्रिक ट्राउटन यांचा डॉक्टर त्यांचा मुलगा मायकेल करतो. घराण्यात चीज पुढे जावी तसं ते ऐकताना वाटतं आणि ते मला मान्य आहे. जिथे निव्वळ हुबेहूब नकलेवर भर आहे तिथे मी पुढे जात नाही.

मी आणि भाचा एकाच गोष्टीवर अजून वाद घालतो. नव्या माणसाने कुठून सुरू करावं? तो म्हणतो, थेट 'चाइम्स ऑफ मिडनाइट', कारण एका बैठकीत माणूस जिंकला जातो. मी म्हणते, 'स्टॉर्म वॉर्निंग'च. पहिला भाग अवघडलेला आहे, कबूल, पण आर १०१ वरची ती रात्र ऐकली नसेल तर एडिथच्या गोष्टीचा निम्मा अर्थ हातून जातो, आणि 'स्केर्त्झो'मधलं भांडण नुसतं भांडण वाटतं. चार्लीचा जीव हे एक कर्ज आहे, ते कुठे घेतलं गेलं ते आधी ठाऊक हवं. मागच्या महिन्यात माझ्या नणंदेने विचारलं, तिला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे. मी तिच्या फोनमध्ये 'स्टॉर्म वॉर्निंग' घालून दिलंय. भाच्याला कळलं तेव्हा त्याने तिला परस्पर 'चाइम्स'ही पाठवलं. तिने अजून दोन्ही उघडलेली नाहीत. मी मात्र आठव्या डॉक्टरच्याच 'डूम कोअलिशन' या नाट्यमालेच्या तिसऱ्या संचावर आहे, आणि लिव्ह चेंकाचं काम करणारी निकोला वॉकर आठव्या डॉक्टरला आजवर लाभलेली सर्वांत शहाणी सोबतीण आहे असं माझं मत होत चाललंय. यावरही वाद होणार.